पहिला ओंडका: फळ्यांसाठी मोठं झाड पाडताना

सरपणासाठी झाड तोडणं आणि फळ्यांसाठी झाड पाडणं, ही दोन वेगळी कामं. सरपणाचं झाड कसंही आडवं झालं तरी चालतं. पडताना फुटलं तर उलट फोडायचे कष्ट वाचले. सॉ मिलवर जाणाऱ्या झाडाचं तसं नाही. पन्नास वर्षं उभ्या असलेल्या सागाच्या किंवा फणसाच्या लाकडाचं काय होणार, ते बऱ्याचदा शेवटच्या तासाभरात ठरतं. त्या तासाभरात चूक झाली तर नुकसान लगेच दिसतही नाही. ते दिसतं ओंडका चिरायला घेतल्यावर.

कोकणात हल्ली चेन सॉ घेऊन येणारी माणसं फोनवर मिळतात. त्यांच्यातले काही कसलेले असतात. पुष्कळांचा सराव मात्र घरावर आलेल्या फांद्या उतरवण्याचा आणि सरपण पाडण्याचा. हा लेख स्वतः मशीन हातात घेणाऱ्यासाठी नाही. ते वाचून शिकायचं काम नव्हे, आणि त्यात माणसं मरतात. झाडाचे मालक म्हणून तुम्ही तिथे उभे असताना कापणाऱ्याकडून काय मागायचं आणि कुठे ‘थांब’ म्हणायचं, एवढ्यासाठी आहे.

पैसा बुंध्यात असतो

झाडाचा सगळ्यात खालचा दहा-बारा फुटांचा ओंडका हाच खरा माल. इथे घेर सर्वांत मोठा आणि गाभा सर्वांत जाड. शिवाय झाड लहान असताना इथे ज्या फांद्या होत्या त्या कधीच झडून गेलेल्या असतात आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं नवं लाकूड चढलेलं असतं, म्हणून बाहेरच्या अंगाच्या फळ्या बिनगाठीच्या निघतात. दाराच्या फळ्या, चौकटीचे उभे, पलंगाच्या पाट्या इथून. वर जावं तशा गाठी वाढतात, घेर आटतो, आणि फांद्या फुटतात तिथून पुढे वासे नि सरपण. पाडण्याच्या सगळ्या युक्त्या या पहिल्या ओंडक्याला वाचवण्यासाठी आहेत, हे एकदा लक्षात घेतलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आपल्याकडे लाकूड घनफुटात विकतात आणि मोजायची पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची आहे. ओंडक्याच्या मधोमध टेपने घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर ६० इंच आणि लांबी १० फूट धरा. चारने भागून १५ इंच, वर्ग २२५ चौरस इंच म्हणजे १.५६ चौरस फूट, गुणिले १० म्हणजे सुमारे १५.६ घनफूट. भूमितीने मोजलं तर त्याच ओंडक्यात १९.९ घनफूट लाकूड आहे. हा साडेएकवीस टक्क्यांचा फरक पाहून मालकाला वाटतं की व्यापाऱ्याने फसवलं. पण गोल ओंडक्याचा चौकोन करताना जे लाकूड जातं ते या सूत्रात आधीच वजा धरलेलं असतं. भांडायचं तर दरावर भांडा, सूत्रावर नको. फक्त टेप नीट ओंडक्याच्या मध्यावर धरलाय ना, ते बघा. निमुळत्या टोकाकडे सरकवलेला टेप गुपचूप घनफूट खातो.

आता हेच सूत्र खुंटाला लावा. कमरेत वाकायला नको म्हणून कापणारा दोन फूट उंचीवर करवत लावतो. तिथला घेर ७२ इंच असेल, तर मागे राहिलेल्या दोन फुटांच्या खुंटात साडेचार घनफूट लाकूड गेलं. वरच्या दहा फुटी ओंडक्याच्या जवळजवळ तीस टक्के! म्हणून पहिली मागणी: शक्य तितकं जमिनीलगत काप. सागाच्या बुंध्याला खाली खोबणी आणि उभे कंगोरे असतात, त्यामुळे खुंटातलं सगळंच लाकूड फळीच्या कामाचं नसतं, हे खरं. तरीही वीतभर खुंट आणि गुडघाभर खुंट यांत फरक आहेच. कंगोरे फार बाहेर आले असतील तर ते आधी उभे तासून बुंधा गोल करून घेतात. झाड कललेलं किंवा पोकळ असेल तर मात्र ते तासू नयेत. तेच कंगोरे त्याला धरून असतात.

करवत लावण्याआधी

सगळ्यात आधी कागद. महाराष्ट्रात साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ, खैर, चिंच, जांभूळ अशी बरीच झाडं १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. झाड आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असलं तरी परवानगी लागते. गोव्यात १९८४ चा वेगळा कायदा आहे. शिवाय माल हलवायला वाहतुकीचा पास लागतो. ‘आधी पाडू, मग बघू’ केलं की ओंडके जागेवर अडकून पडतात आणि त्यांना उन्हात भेगा जातात. म्हणजे दंड वेगळा आणि नासाडी वेगळी.

मग झाडाभोवती दोन फेऱ्या मारायच्या. पहिली बुंध्यापाशी. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकलं की भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ भाग ढब्ब वाजतो. शंका असेल तर मशीनचं पातं टोकाने थोडं आत घालून येणारा भुसा बघतात. स्वच्छ रंगाचा आणि जाडसर भुसा म्हणजे लाकूड चांगलं. काळपट, पिठासारखा किंवा ओलसर आला तर आत कूज आहे. बांधावरच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांत खिळे, कुंपणाची तार, कधीकाळची पाटी, हे सगळं खोडाने गिळलेलं असतं. सॉ मिलवाले अशा ओंडक्यांना घाबरतात, कारण एका खिळ्यात पातं जातं आणि पात्याचे पैसे तुमच्या बिलात येतात. कुठे तार होती ते घरातल्या जुन्या माणसाला आठवत असेल तर तिथे खडूने खूण करा.

दुसरी फेरी जरा लांबून, मान वर करून. झाडाचा कल कुठे आहे, फांद्यांचा भार कुठल्या अंगाला आहे, सुकलेली फांदी वर अडकली आहे का, आणि वेली. सह्याद्रीच्या बाजूला हे विसरून चालत नाही. मनगटाएवढी वेल दोन-तीन झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून ठेवते. झाड पडायला लागलं की वेल त्याला भलतीकडे ओढते किंवा शेजारच्या झाडाची फांदी मोडून खाली आणते. वेली काही आठवडे आधी खालून कापून ठेवल्या तर वाळून कमजोर होतात. जवळून विजेची तार जात असेल, तर महावितरणकडून ती बंद करून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कुठे पाडायचं

माणसं विचार करतात ते घर, गोठा आणि तार वाचवण्याचा. तो करायलाच हवा. पण फळ्यांचं झाड असेल तर खोड कशावर आपटणार हाही प्रश्न आहे.

समजा खोड चिऱ्याच्या गडग्यावर आडवं पडलं. गुडघ्यावर काटकी मोडावी तसं ते मोडेलच असं नाही. बहुतेक वेळा ते शाबूत दिसतं, साल खरचटलेली असते इतकंच. पण आत, जिथे मार बसला तिथले तंतू दाबून चुरगळलेले असतात. ओंडका चिरून फळी रंधली की आडवी, केसासारखी बारीक रेघ दिसते. सुतार ती नखाने चाचपतो आणि फळी बाजूला ठेवतो, कारण भार आला की फळी बरोबर त्याच रेघेवर तुटते. उभी भेग असलेल्या फळीची निदान रुंदी कमी करून ती वापरता येते. आडव्या रेघेला इलाज नाही, तिथे तुकडाच करायचा.

म्हणून पडायची जागा सपाट आणि मऊ हवी. खाली खुंट, दगड, बांध, चर नको. भातखाचरात पाडायचं तर दोन बांधांच्या मध्ये पूर्ण लांबी मावते का ते पावलांनी मोजा. मावत नसेल तर मधल्या खोलगट जागेत फांद्या, पेंढा, माती टाकून गादी करतात, म्हणजे खोड अधांतरी राहत नाही. हीच युक्ती अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिथली रेडवुडची झाडं जगातली सर्वांत उंच, शंभर मीटरच्याही वर जाणारी, आणि त्यांचं लाकूड हलकं नि ठिसूळ. एवढं झाड उघड्या जमिनीवर आपटलं की त्याचे तुकडे होत. म्हणून तिथले लाकूडतोडे पाडायच्या आधी मोठ्या कष्टाने माती आणि फांद्यांची लांबलचक गादी तयार करत, पुढच्या काळात बुलडोझर लावून. झाड पाडण्यापेक्षा गादीला जास्त वेळ लागला तरी ते परवडायचं.

उतारावर उताराच्या दिशेने पाडू नये. झाडाला पडायला जास्त अंतर मिळतं, वेग वाढतो आणि मार जोरात बसतो. शिवाय ते घरंगळत कुठे जाईल याचा नेम नाही. उताराला तिरकं, थोडं वरच्या अंगाला पाडलेलं बरं. कापणारा नेहमी वरच्या बाजूला.

फणसासारख्या झाडाला कमी उंचीवर दुबेळकं असतं. दोन मोठे फाटे एकावर एक अशा रीतीने पडले तर खालचा आधी आपटतो, वरचा त्याच्यावर दाबतो आणि बेचक्यापासून चीर निघून थेट चांगल्या खोडात उतरते. दोन्ही फाटे एकदम जमिनीला टेकतील अशी दिशा धरायची, नाहीतर झाडावर चढून एक फाटा आधी उतरवायचा. तेवढी मजुरी द्यायला कुरकुर करू नये.

तीन काप आणि एक न कापलेली पट्टी

झाड ज्या दिशेला पाडायचं त्या अंगाला आधी खाच घेतात. एक आडवा काप, एक तिरका, आणि मधली पाचरीच्या आकाराची चकती बाहेर. मग मागच्या बाजूने आडवा काप. पण तो खाचेपर्यंत न्यायचा नसतो. मध्ये एक पट्टी न कापलेली ठेवायची. झाड या पट्टीवर दारासारखं फिरून खाली येतं, म्हणून तिला बिजागरी म्हणू. सगळं कौशल्य या बिजागरीत आहे. ती दोन्ही टोकांना सारख्या जाडीची असेल तर झाड सांगितलेल्या दिशेला जातं. एका टोकाला जास्त कापली गेली तर झाड वळतं. पूर्णच कापली गेली तर ते कुठेही जाऊ शकतं.

दोन फूट जाडीच्या खोडाला खाच पाच-सहा इंच खोल पुरते, म्हणजे जाडीच्या पाव किंवा त्याहून थोडी कमी. बिजागरी जाडीच्या दहाव्या हिश्शाची, इथे अडीच इंचांच्या आत. मागचा काप खाचेच्या टोकापेक्षा एक-दोन इंच वर ठेवतात, म्हणजे बुंधा मागे सरकायला गेला तर पायरी त्याला अडवते. मागचा काप पुढे जाईल तशा त्यात पाचरी ठोकतात, झाड मागे बसून पातं अडकू नये म्हणून. पाचर प्लॅस्टिकची किंवा कठीण लाकडाची. लोखंडी पाचरीला चेन लागली की संपलं.

खाचेचा तिरका काप साधारणपणे वरून खाली येतो, म्हणजे चकती पहिल्या ओंडक्यातूनच निघते आणि त्या बाजूला सहा-एक इंच लांबी जाते. कॅलिफोर्नियाच्याच हम्बोल्ट परगण्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत उलटी आहे. आडवा काप वर आणि तिरका काप खालून, खुंटाच्या लाकडातून. ओंडक्याचं टोक सपाट राहतं, नासाडी खुंटात जाते. ऐकायला झकास. पण त्यासाठी खाली जागा लागते, आणि आपण तर जमिनीलगत कापायला सांगितलंय. आपल्याकडच्या सागाला मी खुंट उंच ठेवून हम्बोल्ट खाच घेण्यापेक्षा अगदी खाली, बेताची, साधी खाच पसंत करेन. कुऱ्हाडीने दोन्ही अंगांनी घाव घालत पाडण्याच्या जुन्या रीतीपेक्षा तर हे केव्हाही बरं. त्यात फूटभर लाकूड ढलप्यांत जायचं.

आता सर्वांत घातक गोष्ट. पडायच्या दिशेला आधीच कललेल्या झाडाचा मागचा भाग प्रचंड ताणलेला असतो. मागून सरळ कापत गेलं की अर्ध्यातच झाड खाली यायला लागतं, पण बिजागरी अजून जाड असते, मोडत नाही. मग खोड उभं फाटतं. मागचं फाळकं दहा-पंधरा फूट वर उडतं, पुढचं खाली जातं. कापणारा बरोबर त्या फाळक्यासमोर उभा असतो. असा अपघात डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जातो. माणूस वाचला तरी पहिला ओंडका गेलाच.

यावर उपाय आहे. खाच घेतल्यावर मागून सुरुवात न करता पात्याचं टोक बाजूने खोडात आरपार घालतात, बिजागरीच्या लगेच मागे. मग तिथून मागच्या दिशेने कापत येतात आणि अगदी शेवटी, मागच्या सालीपाशी, दोन-तीन इंचांची पट्टी तशीच सोडतात. आता झाड पुढून बिजागरीवर आणि मागून या पट्टीवर उभं असतं. मधलं सगळं कापलेलं. घाई नाही, पाचरी ठोका, बिजागरीची जाडी दोन्ही बाजूंनी बघा, माणसं लांब गेली का बघा. मग ती मागची पट्टी कापली की झाड एकदम सुटतं, फाटायला काही उरतच नाही. पात्याचं टोक लाकडात घालताना वरच्या कोपऱ्याने टेकलं तर मशीन उसळून अंगावर येतं, म्हणून हे नवशिक्याचं काम नव्हे. तुमचा कापणारा ही पद्धत जाणतो का, एवढं आधी विचारा. ‘असलं काही लागत नाही’ असं उत्तर आलं आणि झाड कललेलं असेल, तर दुसरा माणूस शोधा.

बिजागरीमुळे आणखी एक नुकसान होतं. झाड पडताना शेवटी बिजागरीचे तंतू तुटतात, पण कापाच्या रेषेतच तुटतील असं नाही. चिवट लाकडात ते ओंडक्यातून उपटून येतात. खुंटावर फूट-दोन फूट उंच कुसळं उभी राहतात आणि ओंडक्याच्या टोकाला तेवढीच खोल भोकं पडतात, तीही गाभ्यात. म्हणून किमती झाडाला बिजागरीचा मधला भाग खाचेच्या बाजूने पातं घालून आधीच कापून टाकतात. झाड दोन्ही कडांच्या पट्ट्यांवर फिरतं, गाभा सुटा राहतो. कडांच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडालाही हलका छेद देतात, म्हणजे साल खालपर्यंत सोलत जात नाही.

दोर लावायचा तर उंच, झाडाच्या वरच्या भागात, आणि ओढायला चेन पुली. ट्रॅक्टरचा हिसका किंवा जेसीबीचा धक्का नको. काप अर्धवट असताना जेसीबीने ढकललं की वर सांगितलेलं फाटणं हमखास. चंदनाची गोष्ट वेगळी. तिथे मुळांतही तेल असतं, म्हणून ते झाड मुळासकट उपटतात.

झाड हललं की कापणाऱ्याने मागे तिरकं, आधीच साफ करून ठेवलेल्या वाटेने निघायचं. बाकीचे लोक झाडाच्या दुप्पट उंचीइतके लांब. व्हिडिओ काढणारा भाचासुद्धा.

आडवं झाल्यावर

उभ्या झाडाच्या बाहेरच्या लाकडात ताण असतो आणि आतल्या लाकडात दाब. आडवा काप बसला की हे संतुलन सुटतं आणि गाभ्यातून चांदणीसारख्या भेगा निघतात. निलगिरीत हे सर्वांत जास्त, सागात बरंच कमी. त्यात उन्हाची भर पडते, कारण ओंडक्याचं टोक बाजूंपेक्षा कितीतरी भराभर वाळतं. म्हणून कापल्याच्या दिवशीच टोकांना काहीतरी फासायचं: ऑइल पेंट, मेण, काहीच नसेल तर शेण-मातीचा जाड लेप. जुनी माणसं हे करायची आणि ते बरोबर होतं.

तुकडे करताना ओंडका कशावर टेकलाय ते बघून काप. दोन टोकांवर टेकलेला असेल तर वरची बाजू दाबात, खालची ताणात. आधी वरून थोडं कापायचं, मग खालून. उलट केलं तर शेवटच्या इंचांत लाकूड चिरफाळतं. लांबी ठरवताना सुताराला आधी विचारा. सात फुटांची चौकट हवी तर ओंडका सव्वासात-साडेसात ठेवा, टोकाच्या भेगा छाटायला. खोडात वाक असेल तर काप वाकावरच द्या, म्हणजे दोन सरळ ओंडके मिळतात. एकाच वाकड्या लांब ओंडक्यातून सरळ फळी फारशी निघत नाही.

हंगामाबद्दल एक शब्द. दिवाळीनंतर भात निघालेलं असतं, जमीन टणक असते, ट्रक आत येतो. पावसाळ्यात पाडलेलं लाकूड, विशेषतः आंब्याचं, पडून राहिलं की पटकन डागाळतं आणि त्याला भुंगा लागतो. अमावास्येला तोडलं की कीड लागत नाही, असं कोकणात सर्रास म्हणतात. पाळायचं तर पाळा, पण माझ्या मते महिना आणि ओंडका किती लवकर चिरला जातो, याने जास्त फरक पडतो. सागाबाबत मलबारात आणि ब्रह्मदेशात एक जुनी रीत होती. बुंध्याभोवती गोल पट्टा कापून झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळवत. कारण साधं होतं: ओला साग पाण्यात बुडतो आणि माल तर नदीतून वाहून न्यायचा होता. मलबारचा हा साग मुंबईच्या गोदीत यायचा. तिथे १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिन्कोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. पण उभं वाळलेलं झाड पडताना जास्त फुटतं. आता ट्रक असताना त्या रीतीचं आपल्याला काही काम नाही.

साग तोडल्यावर खुंट मरत नाही, फुटतो. वीतभर खुंट ठेवून त्याचा माथा थोडा उतरता तासला की पाणी साचत नाही. जमिनीलगतचे फुटवे जास्त भक्कम असतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्यांतला एक सरळ ठेवायचा, फार तर दोन, आणि बाकीचे काढून टाकायचे.